कडधान्यांचे मातीतील राखणदार

तुरीचे शेत फुलावर आलेले असते. पाऊस बेताचा का होईना, झालेला असतो. जमिनीत ओल असते. किडीचाही फारसा उपद्रव नसतो. अशा वेळी कालपर्यंत हिरवेगार असलेले एखादे झाड एकाएकी मान टाकते. पाने पिवळी पडतात, शेंडा वाळतो आणि थोड्याच दिवसांत उभे झाड काडीसारखे होऊन जाते. आज एक, उद्या त्याच्या शेजारची चार, असे होता होता शेतात जागोजाग वाळलेल्या झाडांची बेटे दिसू लागतात. शेतकरी या रोगास ‘मर’ म्हणतो. रोगाचे याहून नेमके वर्णन शास्त्रालाही करता येणार नाही.

झाड पाण्यावाचून मेले असे वरकरणी वाटते, आणि एका अर्थी ते खरेही असते. मात्र पाण्याचा तुटवडा जमिनीत नसून झाडाच्या आत असतो. रोगट तुरीच्या बुंध्यापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा खोडावर दिसतो. खोड उभे चिरले तर आतल्या काष्ठात तपकिरी-काळ्या रेषा आढळतात. मुळांनी शोषलेले पाणी ज्या सूक्ष्म नलिकांतून वर चढते, त्याच नलिकांत एका बुरशीने ठाण मांडलेले असते. फ्युजेरियम हे त्या बुरशीचे कुलनाम. तुरीवर तिचा एक प्रकार येतो, हरभऱ्यावर दुसरा. परंतु दोघांची रीत एकच. बारीक मुळ्यांवाटे आत शिरावयाचे, जलवाहिन्या व्यापावयाच्या आणि झाडाचा पाणीपुरवठा आतूनच तोडावयाचा.

या रोगाची शास्त्रीय ओळख आपल्याच देशात झाली. बिहारमधील पुसा येथे १९०५ साली स्थापन झालेल्या कृषि संशोधन संस्थेत एडविन जॉन बटलर हे बुरशीशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९०६ साली तुरीच्या मर रोगाची नोंद केली आणि १९१० साली रोगाचे सविस्तर वर्णन करून त्या बुरशीस नाव दिले. या गोष्टीस शंभराहून अधिक वर्षे लोटली. बुरशी ओळखली गेली, तिचे जीवनचक्र उलगडले, तिला दाद न देणारे वाणही निर्माण झाले. परंतु रोग अद्याप हटलेला नाही. याचे कारण ही बुरशी मातीत घर करून राहते. तुरीचा मर रोग मेलेल्या झाडांच्या धसकटांत सुमारे तीन वर्षे टिकतो. हरभऱ्याची बुरशी तर पीक नसतानाही जमिनीत सहा वर्षे जिवंत राहू शकते. पानावर पडलेल्या रोगावर फवारा मारता येतो. वीतभर, हातभर खोल मातीत दडलेल्या शत्रूवर फवारा कोठे मारावयाचा?

या प्रश्नाचे एक उत्तर मातीतच आहे. मुळांभोवती राहणारे काही जिवाणू या बुरशीस रोखतात, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. अशा जिवाणूंची भुकटी बियाण्यास चोळून पेरणी करण्याची पद्धतही आपल्या देशात तयार झाली आहे. असे असता तिचा लाभ सर्वसाधारण कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरी खात्रीने का पडत नाही? प्रस्तुत लेखकाचे मत असे की, यात दोष शास्त्राचा नाही आणि शेतकऱ्याचाही नाही. जी वस्तू जिवंत आहे, तिचा व्यवहार आपण निर्जीव भुकटीप्रमाणे करीत आलो आहोत, हे याचे मुख्य कारण होय. हे मत का बनले, ते पुढे क्रमाने मांडतो.

मुळाभोवतीची वस्ती

मूळ म्हणजे जमिनीत रोवलेली नळी नव्हे. झाड पानांत जे अन्न तयार करते, त्यातील काही भाग साखर, आम्ले व इतर द्रव्यांच्या रूपाने मुळांवाटे बाहेर पाझरतो. या अन्नाच्या आशेने मुळाभोवतीच्या मातीच्या पातळ थरात सूक्ष्म जीवांची दाट वस्ती होते. एक ग्रॅम मातीत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत जिवाणू तेथे सहज आढळतात. लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली या थरास ‘ऱ्हायझोस्फिअर’ हे नाव दिले. आपण त्यास मूलपरिसर म्हणू. हिल्टनर यांचे बरेचसे काम द्विदल पिकांवरच झालेले होते, आणि झाडाचे आरोग्य हे त्याच्या मुळाभोवती कोणते जीव वस्ती करतात यावर अवलंबून असते, हा विचार त्यांनीच प्रथम आग्रहाने मांडला.

द्विदल पिकांचा एक जिवाणू आपल्या शेतकऱ्यांस चांगला परिचित आहे. तो म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतील नत्र पिकास मिळवून देणारा रायझोबियम. येथे ज्यांचा विचार करावयाचा आहे ते जिवाणू मात्र निराळे. ते गाठी करीत नाहीत. मुळाच्या पृष्ठभागावर व त्याच्या आसपास राहतात. त्यांत स्युडोमोनास फ्लुओरेसेन्स आणि बॅसिलस सबटिलिस हे दोन विशेष अभ्यासले गेले आहेत. ट्रायकोडर्मा या नावाची जी भुकटी बाजारात मिळते, ती जिवाणूंची नसून दुसऱ्या एका उपकारक बुरशीची असते. तिचे कार्य महत्त्वाचे आहे, परंतु तो स्वतंत्र विषय आहे.

राखण कशी होते

हे जिवाणू रोगास तीन प्रकारे अटकाव करतात.

पहिला प्रकार अन्नाच्या स्पर्धेचा. त्यात लोहाची कथा मोठी उद्बोधक आहे. मातीत लोह विपुल असते, परंतु चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्याचा फारच थोडा अंश विरघळलेला असतो. लोहावाचून तर कोणत्याच जीवाचे चालत नाही. स्युडोमोनास जिवाणू अशा वेळी एक पिवळसर हिरवे द्रव्य बाहेर सोडतो. ते मातीतील लोहाचे कण घट्ट पकडते आणि जिवाणू ते लोह स्वतःकरिता आत घेतो. अतिनील प्रकाशात हे द्रव्य चमकते. त्या चमकेवरूनच जिवाणूला फ्लुओरेसेन्स हे नाव पडले. लोह पकडणाऱ्या अशा द्रव्यांस सिडरोफोर, म्हणजे लोहवाहक, म्हणतात. बुरशीही आपली लोहवाहक द्रव्ये सोडते, पण ती तुलनेने दुबळी ठरतात आणि तिच्या बीजाणूंची वाढ लोहाअभावी खुंटते. १९८० साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील जोसेफ क्लोपर व त्यांचे सहकारी यांनी याची फार सुंदर कसोटी घेतली. ज्या मातीत जवसाची मर स्वाभाविकपणेच पडत नसे, तीत त्यांनी मुद्दाम विद्राव्य लोह मिसळले, आणि त्या मातीची रोग रोखण्याची शक्ती नाहीशी झाली. लोह सर्वांनाच मिळू लागताच पहारा निष्फळ ठरला.

दुसरा प्रकार प्रतिजैविकांचा. मातीतील अनेक जिवाणू बुरशीस मारक अशी द्रव्ये निर्माण करतात. काही स्युडोमोनास फिनाझीन वर्गातील द्रव्ये तयार करतात, तर बॅसिलस बुरशीच्या पेशींची आवरणे फोडणारी द्रव्ये सोडतो. औषधाची जी मात्रा सर्व शेतभर ओतणे कोणासही परवडणार नाही, ती येथे मुळाच्या अगदी लगत, केसाएवढ्या अंतरावर, हवी तेव्हा तयार होत असते.

तिसरा प्रकार सर्वांत विस्मयकारक आहे. १९९१ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी कार्नेशन या फुलझाडाच्या मुळांना स्युडोमोनास जिवाणू लावले आणि फ्युजेरियम बुरशी मात्र मुळात न सोडता थेट खोडात टोचली. दोघांची गाठ पडण्याचा संभव नव्हता. तरीही जिवाणू लावलेल्या झाडांत रोग कमी झाला. याचा अर्थ असा की, मुळाशी असलेल्या जिवाणूची चाहूल लागून झाड स्वतःच सावध होते व शत्रू येताच अधिक त्वरेने प्रतिकार करते. याच वर्षी इतरत्र झालेल्या प्रयोगांनीही या निष्कर्षास दुजोरा दिला.

हे तिन्ही प्रकार ध्यानी घेतले म्हणजे या उपायाची शक्ती जशी समजते, तशी त्याची मर्यादाही समजते. हे जिवाणू म्हणजे राखणदार आहेत, वैद्य नव्हेत. राखणदाराने पाखरे येण्यापूर्वी माळ्यावर चढले पाहिजे. कणसे रिकामी झाल्यावर गोफण फिरवून उपयोग नाही. बी रुजून पहिली मुळी फुटते तेव्हाच तिच्यावर या जिवाणूंची वस्ती व्हावयास हवी. मान टाकलेल्या झाडाच्या बुडाशी जिवाणूंचे पाणी ओतून ते उठून उभे राहील, अशी आशा कोणी बाळगू नये आणि कोणी विक्रेत्याने ती दाखवूही नये.

प्रयोगशाळेतून शेताकडे

जिवाणू उपकारक आहे हे सिद्ध होणे निराळे आणि तो शेतकऱ्याच्या हाती देता येणे निराळे. या बाबतीत आपल्या देशातील संशोधकांनी केलेले काम अभिमानास्पद आहे. कोइमतूर येथील तमिळनाडू कृषि विद्यापीठात पी. विद्याशेखरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्युडोमोनास जिवाणू शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळून साठविण्याची पद्धत बसविली. १९९५ साली त्यांनी हरभऱ्याच्या मर रोगावरील आणि १९९७ साली तुरीच्या मर रोगावरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंखजिऱ्यात हे जिवाणू सुमारे आठ महिने चांगले टिकतात, बियाण्यास चोळले असता मुळाबरोबर मातीत वाढत जातात आणि मर रोग कमी करतात, असे त्यांस आढळून आले. शंखजिरे स्वस्त, भुकटी हाताळण्यास सोपी, यंत्रसामग्री नको, फवारणीस पाणी नको. कोरडवाहू शेतकऱ्यास परवडेल असा याहून सुटसुटीत उपाय कल्पिणे कठीण.

पद्धतही सोपी आहे. सामान्यतः एक किलो बियाण्यास दहा ग्रॅम भुकटी लागते. ती थोड्या पाण्यात किंवा गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्यास हलक्या हाताने चोळावी, बियाणे सावलीत वाळवावे आणि विलंब न लावता पेरावे. बुरशीनाशक औषध वापरावयाचे असेल तर ते आधी लावून वाळू द्यावे, कीटकनाशक असल्यास त्यानंतर, आणि जिवाणू सर्वांत शेवटी. सर्व एकाच भांड्यात कालवण्याची चूक मात्र करू नये.

तीन आक्षेप

या उपायावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. त्यांत तथ्य नाही असे नाही. म्हणूनच ते नीट तपासले पाहिजेत.

पहिला आक्षेप असा की, बियाण्यास लावावयाची बुरशीनाशके स्वस्त व खात्रीची असताना जिवाणूंचा खटाटोप कशासाठी? बुरशीनाशक बियाण्याबरोबर येणाऱ्या रोगास मारते व कोवळ्या रोपाचे रक्षण करते, हे खरे. पण त्याचा प्रभाव काही आठवड्यांत ओसरतो. तूर शेतात सहा ते नऊ महिने उभी असते आणि मर बहुधा फुले व शेंगा येण्याच्या सुमारास दिसते. ज्याचा अंमल पेरणीनंतर लवकरच संपतो, त्याने शेंगांच्या वेळी रक्षण करावे ही अपेक्षाच चुकीची. जिवाणू मात्र मुळाबरोबर वाढतो आणि आपली संख्या स्वतः राखतो.

दुसरा आक्षेप असा की, रोगप्रतिकारक वाण असताना अन्य उपायांची गरज नाही. मर रोगाविरुद्ध प्रतिकारक वाण हाच पहिला व मुख्य उपाय होय, यात शंका नाही. तुरीचे ‘मारुती’ व ‘आशा’ हे वाण, किंवा मराठवाड्यातील बदनापूर केंद्राचा ‘बीएसएमआर ७३६’ हा वाण, यांनी शेतकऱ्यांवर मोठेच उपकार केले आहेत. पण बुरशीही स्वस्थ बसत नाही. हरभऱ्याच्या मर रोगाच्या बुरशीत निरनिराळे उपप्रकार आहेत. १९८२ साली हवारे व नेने या शास्त्रज्ञांनी भारतात असे चार उपप्रकार दाखवून दिले, आणि जगात आज आठ ठाऊक आहेत. एका उपप्रकारास दाद न देणारा वाण दुसऱ्यास बळी पडू शकतो. शिवाय उन्हाळा लवकर तापला व जमिनीतील ओल हटली की हरभऱ्यावर निराळ्याच बुरशीची कोरडी मूळकूज येते. मर रोगास अजिंक्य असलेला वाण तिच्यापुढे टिकेलच असे नाही. एका कुलपावर सारे घर सोपविणे शहाणपणाचे नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जिवाणूंचा गुण एका शेतात येतो, दुसऱ्यात येत नाही. एका वर्षी दिसतो, पुढच्या वर्षी दिसत नाही. ही तक्रार शेतकऱ्यांची आहे, तशीच संशोधकांचीही आहे. ती खरी आहे आणि तिची कारणे दोन आहेत. एक कारण निसर्गाचे. मुळाभोवतीच्या त्या गजबजलेल्या वस्तीत नव्या पाहुण्यास जागा मिळणे सोपे नाही. मातीचा आम्लविम्लपणा, ओल, उष्णता व आधीचे रहिवासी यांवर ते अवलंबून असते. तमिळनाडूच्या मातीत रुळलेला जिवाणू बुंदेलखंडातही तसाच रुळेल, असे गृहीत धरता येत नाही. दुसरे कारण मात्र आपले स्वतःचे आहे, आणि या लेखाचा रोख त्याकडेच आहे.

उणीव कोठे आहे

जिवाणूंचे पाकीट म्हणजे खताचे पोते नव्हे. युरियाचे पोते वर्षभर कोठारात पडले, तरी कोरडे राहिल्यास त्यातील नत्र नत्रच राहते. जिवाणू हा जीव आहे. त्याला उष्णता बाधते, ऊन मारते, आणि काळ तर हळूहळू सर्वांनाच संपवतो. बॅसिलस आपल्याभोवती कठीण कवच करून बीजाणूच्या रूपाने तग धरू शकतो. स्युडोमोनासला ती कला अवगत नाही. म्हणून त्याचा व्यवहार खतासारखा नव्हे, तर दुधासारखा करावयास हवा. दूध कोणत्या गाईचे हे विचारण्यापूर्वी ते कधी काढले व कोठे ठेवले होते, हे गृहिणी विचारते. जिवाणूंचे पाकीट घेताना हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

पत्र्याच्या छपराखालील एखादे दुकान डोळ्यांसमोर आणावे. वैशाखात दुपारी तेथे हात लावता येत नाही इतका पत्रा तापलेला असतो. गेल्या हंगामात न खपलेली पाकिटे वरच्या फळीवर, कीटकनाशकांच्या डब्यांशेजारी ठेवलेली असतात. मृग लागताच तीच पाकिटे खाली येतात. पाकिटावर छापलेले नाव खरे असते, चित्र सुरेख असते, भुकटीचा रंगही तोच असतो. फक्त आतले जीव बहुतांशी मेलेले असतात. शेतकरी ते मोजून पैसे देऊन घेतो, सांगितल्याप्रमाणे चोळतो, पेरतो आणि मार्गशीर्षात त्याची तूर मर लागून वाळते. त्यानंतर तो जिवाणूंवर विश्वास ठेवील का? आणि त्याने न ठेवल्यास त्यास दोष कोण देईल?

या गोष्टीचा हिशेब मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. रायझोबियमच्या भुकटीत एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत पेशी असाव्यात, असे खत नियंत्रण आदेशाचे प्रमाण आहे. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम, म्हणजे एका किलोस २५ ग्रॅम भुकटी चोळावयाची. हरभऱ्याचे शंभर दाणे २० ग्रॅम भरतात असे धरले तर एका किलोत पाच हजार दाणे येतात. म्हणजे प्रत्येक दाण्याच्या वाट्यास अडीच लाख जिवाणू. आता समजा, साठवणुकीत हजारांतील एकच पेशी जगली, तर दाण्याच्या वाट्यास उरले अवघे अडीचशे. ज्या मातीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू आधीच वस्तीस आहेत, तेथे या अडीचशेंचा टिकाव कसा लागावा? राखण करणाऱ्या जिवाणूंनाही हाच हिशेब लागू पडतो. पाकिटाचे वजन तेच, किंमत तीच. अंतर केवळ जिवंत व मृत एवढेच, आणि ते डोळ्यांस दिसत नाही.

जे डोळ्यांस दिसत नाही त्याची पारख करणे हे शासनाचे कर्तव्य होय. याबाबत आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. रायझोबियमसारखी जिवाणू खते १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत २००६ साली आणली गेली. रोग रोखणारे स्युडोमोनास व बॅसिलस यांची नोंदणी मात्र १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होते. एकाच दुकानात, एकाच फळीवर असलेली, एकसारखी दिसणारी ही दोन पाकिटे. पण त्यांचे कायदे दोन आणि त्यांच्या तपासणीची पद्धत दोन. कायद्याच्या दृष्टीने ही विभागणी सयुक्तिक असेलही. परंतु दोन्ही पाकिटांत जीव आहेत आणि दोन्ही उन्हाने मरतात, हे सत्य तिच्यामुळे झाकले जाऊ नये.

काय करणे इष्ट आहे

पहिली गोष्ट, तपासणी कारखान्याच्या दारात न होता दुकानाच्या फळीवर झाली पाहिजे. कारखान्यातून निघताना पाकिटात किती जीव होते, हा प्रश्न गौण आहे. शेतकऱ्याच्या हाती पडताना किती होते, हा मुख्य. पेरणीपूर्वीच्या महिन्यात दुकानांतून नमुने उचलावेत, त्यांतील जिवंत पेशींची गणना करावी आणि निष्कर्ष पेरणीच्या आत जिल्ह्यातील शेतकऱ्यांस कळवावेत. हंगाम उलटल्यावर आलेला अहवाल कितीही अचूक असला, तरी तो दप्तरातच राहतो.

दुसरी गोष्ट, उत्पादन व वापर यांतील अंतर कमी करावे. जिवाणू वाढविण्याचे तंत्र अवघड नाही. कृषि विद्यापीठे, कृषि विज्ञान केंद्रे व सहकारी संस्था यांनी हंगामापूर्वी मागणी नोंदवून घ्यावी, पेरणीच्या बेताने ताजी भुकटी तयार करावी व ती थंड जागी ठेवून वाटावी. वर्षभर साठा करून ठेवण्याची सवय या वस्तूस घातक आहे.

तिसरी गोष्ट, स्थानिक जिवाणूंचा शोध. ज्या शेतात शेजारच्या शेताप्रमाणेच मर रोगाची बुरशी असूनही झाडे मरत नाहीत, ते शेत शास्त्रज्ञांनी तीर्थक्षेत्र मानावे. तेथील मुळांभोवती कोणता राखणदार आहे, हे शोधून त्याच भागासाठी तो वाढवावा. कानपूरची भारतीय कडधान्य संशोधन संस्था व निरनिराळ्या राज्यांतील कृषि विद्यापीठे यांच्याकडे या कार्यास लागणारे मनुष्यबळ आहे.

चौथी गोष्ट, जिवाणूस एकटे सोडू नये. प्रतिकारक वाण, पिकांची फेरपालट, रोगट धसकटे वेचून काढणे आणि शेणखत यांच्या जोडीनेच त्याची राखण फळास येते. ज्वारीच्या ओळींत तुरीची ओळ घेण्याची दख्खनमधील जुनी रीत पुष्कळांना केवळ सोयीची वाटे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रयोगांत मात्र असे दिसून आले की, ज्वारीच्या सोबतीने तुरीची मर कमी होते. जुन्या रीतीत जे ग्राह्य आहे ते टिकवून, त्यात नव्या ज्ञानाची भर घालणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

साक्षीच्या चार ओळी

शेवटी शेतकरी वाचकास एक विनंती. जिवाणूंचे पाकीट घेताना त्यावरील उत्पादनाची व मुदतीची तारीख वाचावी. मुदत संपलेले किंवा उन्हात ठेवलेले पाकीट फुकट मिळाले तरी घेऊ नये. आणि पेरणी करताना शेताच्या मध्यावर चार ओळी जिवाणू न लावता पेराव्यात. दोन्ही टोकांस खुंट्या ठोकून खूण करावी. पुढे शेंगा भरण्याच्या वेळी त्या चार ओळींत किती झाडे मेली आणि शेजारच्या, जिवाणू लावलेल्या चार ओळींत किती मेली, हे मोजून वहीत लिहून ठेवावे. दोन-तीन वर्षे असे केल्यास या जमिनीत, या हवामानात, या दुकानातील पाकिटाचा गुण येतो की नाही, हे त्या शेतकऱ्याइतके निश्चित कोणीच सांगू शकणार नाही.

शास्त्रज्ञ प्रयोगक्षेत्रावर नेमके हेच करतो. त्याच्यापाशी याहून वेगळी काही गुप्त विद्या नाही. गावोगाव अशा वह्या तयार झाल्या आणि कृषि अधिकाऱ्यांनी त्या आदराने पाहिल्या, तर कोणता जिवाणू कोठे चालतो आणि कोणते पाकीट पोकळ आहे, हे दोन्ही उघड होईल. भारत हा जगात सर्वाधिक डाळी पिकवणारा व सर्वाधिक खाणारा देश आहे, आणि तरीही त्यास त्या बाहेरून आणाव्या लागतात. ही तूट भरून काढण्याचे अनेक मार्ग आहेत. पण आपल्या शेतात उगवलेले झाड शेंगा भरण्याआधी मरू न देणे, हा त्यांतील सर्वांत जवळचा मार्ग आहे. त्यासाठी लागणारे राखणदार आपल्याच मातीत आहेत. त्यांना जिवंत स्थितीत बांधावर पोहोचविणे, एवढेच आपल्याकडून व्हावयाचे राहिले आहे.